बारा युरो आणि तीन शेरे

मी एक जुना संगणक आहे, आणि माझ्या उजव्या कुशीत कुऱ्हाडीचा घाव आहे. तुमची चार बोटं सहज आत जातील एवढा. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट कारखान्यापासून सांगतात. मीही सांगेन, पण घावाचं आधी सांगितलेलं बरं. नाहीतर तुम्ही मला गरीब गाय समजून बसाल.

कारखान्यात माझ्या पत्र्याला भोकं पाडली, पोटात तारा कोंबल्या आणि स्क्रू पिळून मला बंद केलं. पुढची सहा वर्षं मी एका शाळेच्या कचेरीत काढली. तिथली कारकून बाई माझं काम मंदावलं की माझ्या डोक्यात थाप मारायची. मग मला लिलावात काढलं, आणि उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या केमी गावाच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या ऑस्मोनं मला उचललं. ऑस्मो आडदांड, आवाजाचा मोठा, आणि फावल्या वेळात होड्यांची चित्रं काढणारा. त्याची बायको तुइरे इस्पितळात नर्स होती. माझी घरघर तिला घरात चालेना, म्हणून ऑस्मोनं मला अंगणातल्या सॉनाच्या, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या लाकडी घराच्या, बाहेरच्या खोलीत ठेवलं. लोक तिथे कपडे टांगतात आणि चुलीचं सरपण रचतात. फळ्यांच्या भिंतीपलीकडे गरम खोली. आठवड्यातले सहा दिवस मी गारठ्यात खूश असे, शनिवारी सॉना पेटला की माझ्या अंगाची लाही होई.

माझ्या पोटात ऑस्मोनं चित्रकारांचा एक अड्डा उघडला. नाव ‘लुओन्नोस’, म्हणजे कच्चं चित्र. कुणीही कुठूनही आपलं चित्र टाकायचं. पैसे नाहीत. नियम एकच. एक चित्र टाकलं की दुसऱ्यांच्या तीन चित्रांखाली खरेखुरे शेरे लिहायचे. आमच्याकडे कुणाचं छप्पर गळायला लागलं की गाव शिड्या घेऊन जमतं, घरधनी कॉफी पाजतो, आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या छपरावर चढतो. ऑस्मोनं तीच रीत चित्रांना लावली. पाहता पाहता चार हजार माणसं माझ्या पोटात नांदू लागली.

नांदू लागली हे मी तोंडदेखलं म्हणतो. शेरे गोड नसत. एकानं दुसऱ्याच्या घोड्याला मेलेली खुर्ची म्हटलं, तर त्यानं उलट टपाली दात पाडण्याची धमकी दिली. शिव्या, शाप, आईबापांचा उद्धार, सगळं माझ्यातून वाहायचं. तरी लोक पुन्हा यायचे, कारण खरं बोलणारी जागा त्यांना दुसरीकडे सापडत नव्हती.

सगळ्यांत कडवे शेरे केइयो लिहायचा. तो कागदगिरणीत कामाला होता. तिथल्या यंत्रानं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली, आणि पुढे गिरणीच बंद पडली. नदीच्या वरच्या अंगाला तो एकटा राहायचा. चित्रं त्याची अगदीच बेतास बात, सत्तर-ऐंशी असतील, आणि प्रत्येकात तेच यंत्र, जबडा उघडून बसलेलं. पण दुसऱ्याच्या चित्रातली खोट त्याला पाहता क्षणी दिसे. तीन शेऱ्यांच्या जागी तो तीस लिहायचा. बारा वर्षांत आठ बोटांनी त्यानं नऊ हजार शेरे लिहिले. ते सगळे मी पोटात जपले होते.

मग माझं दुखणं सुरू झालं. भाग झिजले, वीज जास्त लागू लागली. तुइरे एक दिवस जेवताना म्हणाली, “वीज काय जंगलात वेचायला मिळते? चार हजार लोकांचं बिल मी रात्रपाळ्या करून भरायचं?” ती चुकत नव्हती, हे मी आजही सांगेन. वर्षाला बारा युरो वर्गणी ठरली. तेवढ्यावर थांबले असते तर आज माझी कूस शाबूत असती. पण लोकांनी झटपट पैसे भरावेत म्हणून ऑस्मोनं आपल्या डोक्यानं एक आमिष लावलं. वर्गणी भरणाऱ्याला तीन शेरे माफ, आणि त्याचं चित्र यादीत सगळ्यांच्या वर.

छपराला हात लावायचा नसेल तर पैसे द्या, असंच झालं ते. भरणाऱ्यांनी शेरे लिहिणं त्याच महिन्यात सोडलं. न भरणारे लिहीत राहिले, आणि त्यांची चित्रं तळाशी जाऊन कुजू लागली. वरचे खालच्यांना हमाल म्हणू लागले. खालचे वरच्यांना त्याहून वाईट म्हणू लागले, ते मी मुलांसमोर उच्चारणार नाही. कुणी कुणाच्या घशात कुंचले कोंबायला निघालं, कुणी कुणाचं घर पेटवायला. आणि मग हे माझ्या पोटातून बाहेर पडलं. एका सकाळी ऑस्मोच्या फाटकाला मेलेला कावळा खिळ्यानं ठोकलेला होता. पुढच्या आठवड्यात दगड आला आणि माझ्या डोक्यावरच्या खिडकीची काच फुटली. ऑस्मो माझ्याशेजारी लोखंडी पहार ठेवून बसू लागला. दात-ओठ खात तो म्हणायचा, “एकेकाची हाडं मोडतो.”

शेवटी त्यानं जाहीर केलं की शनिवारी संध्याकाळी सहाला न भरणाऱ्यांचं सगळं पुसणार, चित्रंही आणि शेरेही. मात्र बहुमत मिळालं तरच, म्हणून ज्याला मत द्यायचंय त्यानं आधी यावं, मतदान सॉनात होईल. सॉनातच का? कारण आमच्याकडे गरम खोलीतल्या बसायच्या फळीवर कुणी आवाज चढवत नाही. तिथे माणूस देवळात वागतो तसा वागतो. ऑस्मोचा त्या रीतीवर पुरा भरवसा होता.

एकोणीस जण आले. आधी बायकांची पाळी झाली, त्यांनी आपली मतं चिठ्ठीवर लिहून दिली, आणि त्या बाहेर अंगणात तुइरेबरोबर सॉसेज भाजायला गेल्या. मग अकरा पुरुष कपडे काढून आत शिरले. वर्गणी न भरलेला केइयो बसनं आला होता. मी फळ्यांतून सगळं ऐकत होतो. हात वर झाले, चिठ्ठ्या मोजल्या, पुसायचं ठरलं. केइयोनं तापल्या दगडांवर पाणी ओतलं.

मग केइयो म्हणाला, “बारा युरो मी आत्ता देतो, ऑस्मो. तेवढं फक्त सांग, नऊ हजार शेरे मी कशाचे लिहिले?”

“कशाचे? फुकटाचे,” ऑस्मो म्हणाला. “कुत्रंसुद्धा विचारत नाही लेका त्यांना.”

केइयोच्या हातात पाणी टाकायचा तांब्याचा डाव होता. तो त्यानं ऑस्मोच्या तोंडावर हाणला. दोन दात फळीवर पडल्याचं मी ऐकलं. ऑस्मो उठायला गेला, पाय घसरला, आणि आधारासाठी त्यानं हात टाकला तो कोपरापर्यंत लालभडक दगडांत. तो ओरडला ते मी विसरू शकत नाही. बाकीचे केइयोवर तुटून पडले. फळी मोडली. कुणी त्याच्या छातीवर गुडघा दिला, कुणी केस धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा नाही, चार वेळा. प्रत्येक आपटीला माझे स्क्रू हादरत होते. चाळीस-पन्नाशीची उघडी माणसं, एरवी पाखरं आणि फुलं रंगवणारी, जनावरांसारखी एकमेकांना चावत होती.

दार फाडकन उघडलं आणि केइयो बाहेर कोसळला. डोळ्यांत रक्त. सरपणाजवळची कुऱ्हाड त्याच्या हाती लागली आणि सगळे मागे सरले. तो ऑस्मोला मारणार असंच सगळ्यांना वाटलं. तो माझ्याकडे वळला. “माझं नाही राहिलं, तर कुणाचंच नको,” एवढंच म्हणाला. पहिल्या घावात माझा पत्रा चेपला. दुसरा निसटून भिंतीत गेला. तिसरा आत शिरला. चौथ्यासाठी त्यानं हात उचलला तेव्हा तुइरे अंगणातून धावत आली आणि तिनं निखारे सारायची सळई त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. मग तीच खाली बसली आणि तिनं ते मनगट फळकुटाला बांधलं, आणि नंतर नवऱ्याच्या भाजलेल्या हातावर गार पाणी धरलं.

रुग्णवाहिका आली, पोलीस आले. ऑस्मोच्या हाताला मांडीची कातडी लावावी लागली. केइयोला कोर्टानं सक्त ताकीद देऊन सोडलं.

आणि माझं काय झालं, ते आता ऐका. माझ्या पोटात दोन तबकड्या होत्या. एकीवर चित्रं, दुसरीवर शेरे. चित्रांची नक्कल ऑस्मो दर महिन्याला काढून घरात ठेवायचा. शेऱ्यांची नक्कल काढावी हे बारा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुऱ्हाड बरोबर शेऱ्यांच्या तबकडीतून गेली. वरच्यांची चित्रं शाबूत राहिली, खालच्यांचीही राहिली. गेले ते सगळे शेरे, आणि त्यांत केइयोचे नऊ हजार. इस्पितळात तुइरेनं त्याला ते सांगितलं. म्हणाली, “तू स्वतःलाच तोडलंस रे.” त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही.

ऑस्मोनं मला ठोकूनठाकून पुन्हा चालू केलं. पुसण्याचं नाव त्यानंही पुन्हा काढलं नाही. लोक परत आले, चित्रं टाकू लागले. प्रत्येक चित्राखाली शून्य. कुणी शेरा लिहीना, आणि जुना नियम पाळून घ्यायची ऑस्मोचीही छाती होईना. पैसे भरलेले लोक दिवसातून दहा वेळा यायचे, आपल्या चित्राखाली बघायचे आणि जायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. पुढे तेही येईनासे झाले. इतकी माणसं भांडताना मी कधी दमलो नव्हतो. त्या शांततेनं माझ्या नाकी नऊ आणले.

शेवटी तुइरेचंच डोकं फिरलं. आयुष्यात तिनं एक रेघ ओढली नव्हती, पण ती माझ्यासमोर बसली आणि तिनं सगळ्यांना लिहिलं, की तुमच्या चित्राखालचा एखादा शेरा आठवत असेल तर मुकाट्यानं पाठवा.

आठवड्याभरात सहाशे आले. तोंडपाठ. ‘तुझा घोडा बर्फात रुततच नाही, त्याला वजन दे.’ ‘आजीचे हात सुंदर काढलेस, म्हणजे तू तिला कामाला लागलेली पाहिलीच नाहीस.’ ‘हे चित्र तू घाबरून काढलंयस. कुणाला, ते काढ.’ दहा-दहा वर्षांपूर्वीचे, शब्दाला शब्द. बहुतेक केइयोचे. ज्यानं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं होतं त्यानं एकट्यानं चार पाठवले.

फेब्रुवारीत तुइरे केइयोला गाडीत घालून घेऊन आली आणि तिनं त्याला माझ्यासमोर बसवलं. त्याचं मनगट आखडलेलं होतं. तो वाचत राहिला, एक एक करून, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. ऑस्मो दारात उभा होता, जळका हात खिशात घालून. त्या दिवसानंतर ते प्रथमच समोरासमोर आले होते.

ऑस्मो पडलेल्या दातांच्या फटीतून म्हणाला, “माझ्या पहिल्या होडीखाली तू लिहिलं होतंस, होडी राहू दे, बुडणाऱ्याला पाणी दिसतं, पाणी काढ. बारा वर्षं झाली, पाणीच काढतोय मी.”

केइयोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “अजून जमलेलं नाही तुला.”

माफी कुणी मागितली नाही. पण त्या संध्याकाळी ऑस्मोनं डाव्या हातानं तीन शेरे लिहिले, आणि आता आमच्याकडे ज्याला झेपतं तो बारा युरो देतो आणि तीन शेरे मात्र सगळे लिहितात, राजा असो की हमाल. केइयोचे आठ हजारांवर शेरे कायमचे गेले. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांतली कित्येक माणसं कुठे आहेत हेही मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला पुसून-झटकून ठेवा अशी विनंती मी करणार नाही. मी पत्र्याचा डबा, आज आहे, उद्या भंगारात जाईन. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या कामाखाली कुणी कष्टानं दोन खऱ्या ओळी लिहिल्या आणि त्या तुमच्या मनात राहिल्या, तर त्या माणसाला तसं सांगा. लगेच सांगा. केइयोला ते सहा महिने आधी एकानं जरी सांगितलं असतं, तर त्या शनिवारी सगळे सॉसेज खाऊन आपापल्या घरी गेले असते.