तुटक्या बोटीला पावलेला आकडा

पाचूबंदरच्या मासळी सुकवायच्या मैदानावर मांडव पडला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. कोळणी, त्यांचे नवरे, नालासोपाऱ्याचे फ्लॅटवाले, सगळे आ वासून अंकानंद महाराजांकडे बघत होते.

"माई, बोटीच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे बोल!" महाराज म्हणाले.

"सहाशे बारा," क्रिस्टिना म्हणाली.

"तेच पुन्हा पुढे जोड. सहा लाख बारा हजार सहाशे बारा! आता मोबाइलवर भाग. सातानं, सात समुद्र! अकरानं, अकरा रुद्र! तेरानं, येशू आणि त्याचे बारा शिष्य! काय आलं?"

"अरे देवा! परत सहाशे बाराच!"

"हजारात एका बोटीवर ही कृपा!" महाराज गरजले. कृपा टिकवायची तर अंगावरचं सोनं त्यांच्या हंड्यात ठेवायचं, अमावस्येला परत न्यायचं. क्रिस्टिनानं लगेच दोन बांगड्या उतरवल्या.

रिटाच्या पोटात दुखायला लागलं. क्रिस्टिना तिची धाकटी जाऊ. नवी बोट हिची, मोठी सुरमई हिच्याच जाळ्यात, आता देवसुद्धा हिलाच! रिटाच्या रुमालात लेकीच्या लग्नासाठी जपलेल्या चार बांगड्या होत्या. तू दोन दे, मी चार देते, बघतच राहा!

आधी तिनं मोबाइलवर आपल्या बोटीचा आकडा करून पाहिला. तीनशे अठ्ठेचाळीसही तसाच परत आला. पण जीव काही थंड होईना. मला पावला ते ठीक, हिला कसा पावला? आकडा खोटा पडतो तरी कसा, ते बघायला तिनं चर्चमागे सडत पडलेल्या, खेकड्यांनी घर केलेल्या बोटीचा नऊशे पाच टाकला. भाग, भाग, भाग. नऊशे पाच!

"मेली! या फुटकीवर पन कृपा?"

शेजारी बसलेल्या आल्बिना टीचर शाळेत गणित शिकवायच्या. त्या हसल्या. "सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार कर."

"एक हजार एक."

"आता सहाशे बाराला त्यानं गुण. सहाशे बारा हजार, वर सहाशे बारा. आकडा दोनदा लिहिला की हा गुणाकार आपोआप होतो. मग त्याच तिघांनी भागलं, तर पहिला आकडा जाईल कुठे? कुठलेही तीन घे."

रिटाला आधी आनंदच झाला. गेल्या हिच्या बांगड्या! गप्प बसावं, रुमाल कमरेला खोचावा, घरी जावं. पण हंड्यावर झाकण पडलं आणि क्रिस्टिनाचं ओकंबोकं मनगट दिसलं, तेव्हा तिला बसवेना.

"ओ महाराज! चर्चमागच्या तुटक्या बोटीनं सोनं कुठून आनायचं? बायांनो, कायपन तीन आकडे टाका!"

मांडवभर मोबाइल निघाले.

"श्रद्धा नसली तर आकडा रुसतो!" महाराज ओरडले.

"मग एकदा रुसवून दाखवा की!"

एकही आकडा रुसला नाही. बायकांनी हंडा तिथेच उपडा केला आणि महाराज मागच्या बाजूनं सटकले. आल्बिना टीचर एवढंच म्हणाल्या, "चमत्कार दिसला की आधी तो कुठे फसतो ते शोधा. हात जोडायची घाई नको, आणि सोनं काढायची तर नकोच."

बांगड्या चढवताना क्रिस्टिनानं डोळे पुसले. "वहिनी, मला कशाला वाचवलंस गं?"

"वाचवलं कुठे?" रिटानं आपल्या चारही बांगड्या खणकन हातात सरकवल्या. "तुझ्या दोन गेल्या असत्या, तर माझ्या चार कोनाच्या शेजारी मिरवल्या असत्या?"