जिन्याची स्टेज

मी व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट बोलतेय, आणि आधीच सांगते, जरा रागातच बोलतेय. ज्या घरात मी इतकी वर्षं काढली, त्याच घरातल्या पोरानं काल माझी पार अब्रू काढली.

पोर म्हणजे नील, अविनाशचा मुलगा. कॉलेजात शिकतो आणि जुन्या मारधाडीच्या गेम्सवर कुठल्याशा वेबसाइटसाठी लेख लिहितोय. माझी नक्कल त्याला कॉम्प्युटरवर सापडली. ती तो खेळला, आणि काल लेख मित्राला फोनवर वाचून दाखवला. मी तिथेच टेबलावर पडलेली. लेखाला फोटो हवा म्हणून मला माळ्यावरून खाली काढलं होतं. म्हणजे फोटोही माझा आणि शिव्याही मलाच!

काय म्हणाला ऐका. म्हणे, हिच्यात सेव्ह नाही. जिथवर पोचलो ती जागा राखून ठेवायची सोय नाही; बटण बंद केलं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणे, कथा काहीच नाही, दोन शिपाई नुसते धावतात आणि गोळ्या घालतात. आणि जिन्याची स्टेज म्हणजे तर शुद्ध अन्याय.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पण कशाला खोटं बोलू? तिन्ही दोष माझ्यात आहेत. चौथा मीच सांगते. माझ्या स्टिकरवर जो दंड फुगवलेला उघडा पहिलवान आहे ना, तो आत कुठेच नाही. आत आहेत दोन बोटभर शिपाई, एक निळा आणि एक लाल, आणि त्यांना धड चेहरासुद्धा नाही.

तरी माझं कौतुकही मीच केलं पाहिजे, दुसरं कोण करणार? अहो, माझ्या पोटात जागा ती केवढी! आजच्या फोनमधला एक फोटो मावायचा नाही तिथे. एवढ्याशा जागेत ज्यांनी जंगल, धबधबा, बर्फाचा डोंगर आणि शेवटचा तो आग ओकणारा राक्षस बसवला, त्यांच्या हाताला मी आजही नमस्कार करते. आणि मी कठीण असले तरी लबाड नव्हते. शत्रू रोज त्याच झाडामागून यायचा, गोळी रोज त्याच ठिकाणाहून सुटायची. पाढे पाठ करावेत तसं मला पाठ करायचं. हरलात तर तो तुमचा दोष, माझा नाही. आजकालच्या गेम्स पावलापावलाला हात धरून सांगतात, इकडे जा, तिकडे वळ. मी कधी कुणाला काही शिकवलं नाही, तरी लोक शिकले.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातला. आईबापाचं नाव विचारू नका, आमच्यात सगळ्याच नकला. त्या काळी देशाची दारं उघडली आणि बाहेरच्या मालाचा लोंढा आला, त्यात मी बडोद्याला पोचले. शहराजवळच छाणीला टीव्ही जोडण्याचा एक लहान कारखाना होता. तिथे नवीन टीव्हीचं चित्र तपासायला मला आणि मला ज्यात घालून खेळतात त्या डब्याला जोडून ठेवत. तपासायचं काम अविनाशचं. चित्र नीट आहे का बघता बघता त्याचा हात असा बसला की विचारू नका.

पण ज्या लोंढ्यातून मी आले, त्याच लोंढ्यातून परदेशी कंपन्यांचे टीव्हीही आले. छाणीचा कारखाना बंद पडला. मालकानं शेवटच्या दिवशी मला आणि डब्याला पिशवीत घालून अविनाशच्या हातात दिलं. "घेऊन जा, भाई. हवे अहीं कोण रमशे?" आता इथे कोण खेळणार, असं म्हणून बिचाऱ्यानं तोंड फिरवलं.

अशी मी बडोद्यातच हरणीच्या सोसायटीत या घरी आले. घर अविनाशच्या थोरल्या भावाचं, वसंतरावांचं. शाळेत इतिहास शिकवायचे. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, वडील कचेरीत. सकाळी न्याहारी करून कामावर न जाणारा पुरुष या घराण्यानं पाहिलाच नव्हता. वसंतराव मनानं वाईट नव्हते हो, पण जीभ म्हणजे नुसती छडी. एकदा पादरा गावचे पाहुणे जेवायला असताना, पानावरच बोलून गेले, "माणसानं बसून खाऊ नये, अविनाश."

अविनाशनं हातातला घास खाली ठेवला. त्या दिवसापासून तो भावाशी एक शब्द बोलला नाही, आणि हळूहळू घराबाहेर पडायचाही थांबला. कारखान्यातले जुने सोबती संपतराव छाणीलाच टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढत होते. त्यांना अविनाशसारखा हात हवा होता. निरोपावर निरोप येत. अविनाश म्हणायचा, "जाईन नंतर," आणि पुन्हा मला डब्यात घालायचा.

घरात मग एक अजबच कारभार सुरू झाला. दोघं भाऊ एकाच खोलीत बसायचे आणि बोलायचे निरुपमावहिनींमार्फत! निरुपमा म्हणजे वसंतरावांची बायको. "निरुपमा, त्याला सांग, पंखा कमी कर." "वहिनी, त्यांना सांगा, कमीच आहे." हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं, आणि निरोप जायचा स्वयंपाकघरातून. मला तर हसू यायचं, पण वहिनींचे डोळे पाहिले की हसू गिळायची.

त्या माउलीनंच एक दिवस दुसरा रिमोट उचलला. "शिकवा मला, भाऊजी. दिवसभर एकट्यानं काय खेळता?"

तशी मी मूळची दोघांची गेम. निळा शिपाई भाऊजींचा, लाल वहिनींचा. आणि खेळायच्या कशा! उडी मारायची तर रिमोटसकट दोन्ही हात वर, गोळी चुकवायची तर मान बाजूला. एकदा तर सोफ्यावरून खालीच आल्या. कॅसेट लागली नाही की पदरानं पुसून माझ्यात फुंकर मारायच्या. त्या फुंकरीनं माझ्या पिना गंजतात, पण सांगणार कोण? आणि खरं सांगू, मला ती आवडायची.

जिन्याच्या स्टेजवर मात्र रोज रडारड. तिथे पायऱ्या वर वर जातात, आणि जो पुढे चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिला तो पडद्याखाली जातो आणि मरतो. शत्रूनं मारायची गरजच नाही. आपला सोबती भराभर चढला की आपण खलास. ज्यानं ही स्टेज केली त्याला एवढं सुचू नये? अविनाशचा हात चपळ, तो सपासप वर, आणि वहिनी खाली धप्प. "भाऊजी, अहो, माणूस आहे मागे!" त्या ओरडायच्या. पण माझ्यात एक चांगली सोयही आहे. आपले जीव संपले तर बटण दाबून सोबत्याचा एक जीव घेता येतो. त्या तसा घ्यायच्या, आणि पुन्हा चढू लागायच्या.

तरी शेवटचा राक्षस काही त्यांना कधी दिसला नाही. कारण दिवेलागण. तिन्हीसांजा झाल्या की वसंतराव शाळेतून येत, हातपाय धुऊन देवापाशी दिवा लावत, आणि त्याआधी भिंतीवरचं बटण बंद करत. दिव्याच्या वेळी टीव्ही नको, हा या घरचा नियम. बटण बंद झालं की मी सगळं विसरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं झाड, पहिली गोळी.  अविनाश मला काढायचा, दुसऱ्या दिवशी परत घालायचा.

एका संध्याकाळी दोघं अगदी राक्षसाच्या दारात होते, आणि टक्! बटण बंद. वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. अविनाश उठून आतल्या खोलीत गेला.

"एवढं रडायला काय झालं?" वसंतराव म्हणाले. "उद्या पुढून खेळा."

"पुढून? अहो, पुढून कसं?"

"पुस्तक मिटलं तर खूण घालतो, तिथून उघडतो. तसंच ना?"

बघा, इतिहासाचा मास्तर! इतके दिवस माणूस याच समजुतीत, की आपण बटण बंद करतो म्हणजे फक्त पुस्तक मिटतो.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बटण बंद केलंत की सगळं पुसलं जातं. भाऊजी रोज पहिल्यापासून सुरू करतात."

"रोज?"

"रोज."

वसंतराव खुर्चीवर बसले. "आणि मी रोज येऊन..." त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तो नुसता वेळ घालवतोय. निरुपमा, इतकं पुसलं गेल्यावर मी नसतो गं पुन्हा बसलो."

दुसऱ्या दिवशी ते आले. हातपाय धुतले, दिवा लावला, हात जोडले. भिंतीवरच्या बटणाला हात लावला नाही. अविनाशनं तिरक्या नजरेनं पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागला. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आता ती खरंच झाली की वहिनींनी ऐकली, देव जाणे. "बाई गं, वरण करपलं!" म्हणत त्यांनी रिमोट नवऱ्याच्या हातात कोंबला आणि आत पळाल्या. समोर नेमकी जिन्याची स्टेज.

वसंतरावांनी रिमोट उलटा धरला होता. अविनाशनं तो सरळ करून दिला. निळा शिपाई दोन पायऱ्या वर गेला, लाल शिपाई खाली जागच्या जागी वळवळत राहिला. पडदा वर सरकू लागला.

"वहिनी," अविनाश ओरडला, "त्यांना सांगा, उडी मारा!"

 आतून फक्त कढईतली चुरचुर ऐकू आली. निरोप घेऊन जायला कुणीच नव्हतं, आणि लाल शिपायाचं डोकं तेवढं पडद्याच्या कडेला उरलं होतं.

"दादा, उडी मार!"

वसंतराव दचकले आणि त्यांनी सगळीच बटणं दाबली. लाल शिपाई उडाला, पायरीवर आला. अविनाशनं आपला शिपाई तिथेच थांबवला. वर जायचं सोडून तो गोळ्या खात उभा राहिला, आणि म्हणाला, "सावकाश. मी आहे इथे. आता पुढची."

असे ते दोघं पायऱ्या चढले. मास्तर पडले, पुन्हा पडले, त्यांचे जीव संपले. "झालं," म्हणून ते रिमोट ठेवायला लागले.

"दादा, माझ्यातला घे. ते बटण दाब."

"तुझा कशाला? तुला लागतील."

"घे रे!"

वसंतरावांनी बटण दाबलं. लाल शिपाई पुन्हा उभा राहिला. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, "अविनाश, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोललो..."

"समोर बघ, दादा, गोळी येतेय!"

पण ओरडणाऱ्यालाच पाणावल्या डोळ्यांनी समोरचं नीट दिसत नव्हतं. दारात वहिनी उभ्या होत्या. पदर तोंडाला, आणि वरण खरोखरच करपत होतं.

राक्षस पडला. मी माझा शेवट दाखवला. काय सांगू, मला आजही लाज वाटते त्याची! काळा पडदा, अभिनंदनाची एक ओळ, आणि लगेच पुन्हा पहिलं जंगल.

"एवढंच?" वसंतराव संतापले. "इतकं करून परत पहिल्यापासून?"

अविनाश खो खो हसला. किती महिन्यांनी हसला! "हो दादा, परत पहिल्यापासून."

वसंतरावांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "संपतराव बोलावतायत ना छाणीला? उद्या जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर." निरुपमावहिनींना मध्ये न घालता, भावाच्या तोंडाकडे बघून म्हणाले. आणि सकाळी वसंतराव स्कूटर चालवत, अविनाश मागे, असे दोघं गेले. त्यानंतर मला दुपारी कुणी हात लावला नाही, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

दुकान चाललं, अविनाशचं लग्न झालं, नील झाला. माझा डबा जळाला आणि मी माळ्यावर गेले. आता पिना काळ्या पडल्यात. डबा मिळाला तरी मी चालेन असं वाटत नाही. फोटो काढून झालाय, तेव्हा आज-उद्या पुन्हा माळा. माझी तक्रार नाही.

नील, बाळा, तुझ्या लेखातलं एकही वाक्य खोडू नकोस. सेव्ह नाही, खरंय. कथा नाही, तेही खरंय. जिना अन्यायाचा, शंभरदा खरंय. पण तू खेळलास तेव्हा तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, मी टेबलावरून बघत होते. लाल शिपाई पहिल्या झाडाखाली उभ्या उभ्या मेला. तेव्हा शेवटी एवढी एक ओळ घाल, की ही दोघांची गेम मी एकट्यानं खेळलो. मग खुशाल दे मला किती कमी गुण द्यायचेत ते. येते मी.