पुलावरून मारलेली उडी

कल्पना गेल्याचं कळलं, तो दिवस मुरलीधरना दोनदा आठवतो.

पहिल्या आठवणीत ते रिक्षात बसलेले आहेत. दिल्लीत धौला कुआंच्या पुलावर गाड्या अडकल्यात, मांडीवर आजारी बायकोसाठी मऊ भाताचा डबा आहे, आणि दवाखान्यातून फोन येतो. दुसरीत ते रिक्षातून बाहेर झेपावतात, पुलाच्या कठड्यावरून थेट खालच्या फ्लॉवरच्या ट्रकवर पडतात, दवाखान्याच्या दारातल्या दोन गार्डना लोळवतात आणि वेळेत तिच्या खाटेशी पोचतात. वय अडुसष्ट. द्वारकेच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली, तर हे गृहस्थ दूध आणायलासुद्धा खाली उतरत नाहीत.

पण दुसरी आठवण पहिलीपेक्षा ठसठशीत होती. तिला फ्लॉवरचा वास येई. मराठी मंडळाच्या कोजागरीला त्यांनी ती रंगवून सांगितली. गुणवंत देशपांड्यांनी विचारलं, डबा सांडला का? शीतही नाही, असं मुरलीधर म्हणाले. सगळे हसले. मुरलीधर हसले नाहीत.

घोळ लक्षात आला तो कल्पनामुळेच. आठवणीतल्या कल्पनाच्या भांगात सिंदूर होता. अख्खा जन्म दिल्लीत काढूनही ती फक्त टिकली लावायची. भांग भरायला सांगणाऱ्या शेजारणींना ती ‘आमच्यात नसतं’ म्हणून हसून वाटेला लावायची.

ह्यात तुझा काही हात आहे का, म्हणून त्यांनी मुलीला गाठलं. देवयानी गुरुग्रामला आयटीत होती. आधी तिने ‘बिल्कुल नाही’ म्हणून पाहिलं, मग कबूल झाली. झोपेच्या उपचारांना म्हणून तिने बाबांना जिथे नेलं होतं, तिथे आठवणी बसवून मिळत. बाबा जेवत नव्हते, वेळेत पोचलो नाही हेच घोकत होते. म्हणून तिने एक साधी भेट सांगितली होती. बाबा पोचतात, आई हसते, बस. उडी तिथल्या पोरांनी आपल्या मनाने घातली. पुरुष गिऱ्हाईक असलं की थोडी मारामारी ते फुकटच देतात. सिंदूरही त्यांचाच. बायको म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार?

“म्हणजे मी पोचलो नाही,” मुरलीधर म्हणाले.

“तुम्हीच तसं सांगितलं होतं, बाबा. मी तर कामासाठी पुण्याला गेले होते, संध्याकाळी आले.”

“मग मेथीचं कोणी घातलं? तू?”

“कुठली मेथी?”

“मी आत शिरतो आणि ती म्हणते, ‘आलात? एवढ्या वेळात जुडीभर मेथी निवडून झाली असती.’”

देवयानीने तिथल्या तिथे पोरांना फोन लावला. त्यांना मराठी ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी आईला बोलायलाच लावलं नव्हतं, फक्त हसायला लावलं होतं. वाटलं तर सगळी आठवण काढून देऊ म्हणाले, पण उडी गेली की भेटही जाईल. मुरलीधर म्हणाले, राहू दे, सिंदूरासकट राहू दे.

देवयानी डोळे पुसत म्हणाली, “आईच बोलली असेल तसं, यार.”

त्या दिवशी कल्पनाच्या खोलीवर लता नावाची नर्स होती. ती अजून त्याच दवाखान्यात आहे. मुरलीधर मेट्रोने फाटकापर्यंत जाऊन परत आले आहेत. त्या दिवशी मी पोचलो होतो का, हे तिला विचारायचं राहिलं आहे.