पडद्याखालचा हात

आमच्या ह्यांना वीज वाचवायचा भारी नाद. नंदकुमार निवृत्त झाले आणि घरातल्या प्रत्येक बटणावर त्यांचा पहारा बसला. परवा त्यांनी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एक नवा प्लग बसवला. त्याच्या वायरीच्या टोकाला एक डोळा आहे. त्या डोळ्याला पंधरा-वीस मिनिटं काही हालचाल दिसली नाही, की माणूस उठून गेला असं समजून तो स्क्रीनची आणि वायफायची वीज आपोआप तोडतो.

आज त्याच टेबलावर आमच्या ऋताची परीक्षा होती. नोकरी सांभाळून पोर ह्या परीक्षेसाठी झटत होती आणि ही शेवटची संधी. नियम भलते कडक. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. खोलीत दुसरं माणूस दिसलं तर पेपर रद्द, मधेच कनेक्शन तुटलं तरी रद्द. सकाळी मीच तिला बजावलं, "घर पडलं तरी खुर्चीवरून उठायचं नाही. कळलं?"

पेपर सुरू झाला. मुलुंडच्या आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये आम्ही दोघं टीव्ही बंद करून बसलो.

"तो तुमचा प्लग दगा नाही ना देणार?" मी कुजबुजले.

"छे. काल दिवसभर तपासलाय. एकदाही बंद पडला नाही."

"तपासलात म्हणजे काय केलंत?"

"सारखा आत जाऊन बघत होतो ना."

बोलून झालं आणि ह्यांचा चेहरा उतरला. मलाही तेव्हाच कळलं. हे सारखे आत जात होते, म्हणूनच तो चालू राहत होता.

"पण ऋता बसलीय ना आत? ती हलेलच की."

"डोळा तिच्याकडे नाहीये," हे म्हणाले. "बाजूच्या, दारातल्या पडद्याकडे आहे. येणारं-जाणारं माणूस दिसावं म्हणून टेबलाच्या पायाला चिकटवला."

असा संताप आला म्हणून सांगू. पण ओरडायचीही सोय नव्हती. त्या खोलीला दार नाही. कपाट आत बसेना म्हणून दारच काढलं आणि पडदा लावला. आत जावं तर कॅमेऱ्यात दिसणार, पडदा हलला तरी दिसणार. राहिली फक्त जमीन. पडदा फरशीपासून वीतभर वर आहे आणि टेबलाआडून कॅमेऱ्याला फरशी दिसत नाही.

ह्यांचा गुडघा बदललेला, त्यांना खाली बसता येत नाही. सोनूबाई भांड्यांना आली की बेल दाबेल, म्हणून ह्यांना घराबाहेर उभं केलं. बांगड्या वाजतील म्हणून काढून सोफ्यावर ठेवल्या आणि पालथी पडले. मागच्या महिन्यात चक्कर येऊन कोसळले होते, तेव्हाही फरशी अशीच गार लागली होती.

पडद्याखालून पाहिलं तर प्लगवर लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे वीज तुटायच्या बेतात होती. हात आत सरकवला आणि जोरजोरात हलवला. दिवा लुकलुकतच राहिला. मी कोपरापर्यंत आत गेले, बोटं नाचवली. एकदाचा तो हिरवा झाला.

मग हात मागे घ्यायची हिंमतच झाली नाही. थोडं थांबायचं, पुन्हा हलवायचा. खांदा भरून आला, बोटांना मुंग्या आल्या. बाहेर ह्यांचा दबका आवाज आला, सोनूबाईला परत पाठवत होते. आत ऋताच्या माऊसची टकटक मधेच थांबायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

अखेर खुर्ची जोरात सरकली. ऋता धावत आली, फरशीवर बसली आणि तिने माझं मनगट धरलं.

"आई, काय होतंय तुला?"

"मला काय होणार? पेपर गेला ना नीट?" मी उठून बसले आणि तिला प्लगचं सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला तुझा हात दिसत होता. नजर न हलवताही, कडेला. मला वाटलं, तू परत पडलीस आणि मला बोलावतेयस."

"मग?"

"हात हलतोय म्हणजे आई आहे, असं मनात म्हणत पेपर सोडवत राहिले. तूच म्हणाली होतीस ना, उठायचं नाही."

ती रडायला लागली. मला फार लागलं ते, खोटं कशाला सांगू. आई पडलीय असं वाटूनही इतका वेळ ती बसून राहिली होती.

"बरं केलंस," मी म्हटलं. तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण हात उचलेना.