कार्यक्रम संपेपर्यंत

आमच्या उदगिरात सहाचं व्याख्यान साडेसातला सुरू झालं तर लोक म्हणतात, आज वेळेवर झालं. दत्तोपंत वकिलांचं घर तेवढं याला अपवाद. निजामाच्या राजवटीत या वकिलांनी माडीवर चोरून मराठी वाचनालय चालवलं होतं, म्हणून आता त्या घराचं संग्रहालय झालंय. काचेच्या कपाटात वकिलांचा चष्मा आणि तुरुंगातला वाडगा ठेवलाय, आणि अंगणात दरवर्षी व्याख्यानं होतात, गाणं होतं.

हे घर संस्थेला दिलं वकिलांच्या मुलानं, रेणुकादासांनी. स्वतःला मागच्या दोन खोल्या ठेवल्या आणि बायको विमलकाकूंसह तिथं राहिले. "व्याख्यानात खंड पडू द्यायचा नाही," हे त्यांचं पालुपद. करोनातसुद्धा त्यांनी माइक लावायला लावला होता. ऐकायला समोर काकू आणि शेजारच्या दानम्मा.

यंदा मात्र ते अंथरुणाला खिळले होते. मंडपात सतरंज्या पडत होत्या, मुख्य पाहुणे नांदेडहून निघून लोह्याच्या पुढे आले होते, आणि मागच्या खोलीत रेणुकादास गेले. काकूंनी तोंडात गंगाजळ घातलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. त्यावरूनच त्यांना कळलं.

दानम्मांनी रेणुकादासांच्या पुतण्याला बोलावून आणलं. राघवेंद्र म्हणजे संस्थेचा सचिव. माणूस वाईट नाही, पण कार्यक्रम अंगात आला की त्याला दुसरं काही दिसत नाही. त्यानं काकांच्या पायावर डोकं ठेवलं. रडला, नाही असं नाही. मग उठून त्यानं दार लावून घेतलं.

"काकू, आवाज करू नका. कार्यक्रम संपेपर्यंत तरी."

दानम्मा भडकल्या. "काय बोलायलाव? घरात मढं हाय आन् तुमी तिकडं समई लावणार?"

"सुतक ऐकल्यापासून लागतं, दानम्मा. मंडपात अजून कुणी ऐकलेलंच नाही."

वकिलाचा नातू शोभला खरा! शास्त्र कुणाच्या कशा कामाला येईल, सांगता येत नाही. काकू काही बोलणार, तोच तो म्हणाला, "काका काय म्हणायचे? खंड पडू देऊ नका. मी त्यांचंच ऐकतोय."

काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि नवऱ्याच्या उशाशी बसल्या.

पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं. राघवेंद्रनं समईला हात लावला नाही, काडेपेटी तेवढी लांबूनच पुढे केली. म्हणजे ऐकलं होतं, तर!

पाहुण्यांचं भाषण चांगलं रंगलं. शेवटी ते म्हणाले, "हे घर ज्यांनी समाजाला दिलं, त्या रेणुकादासांचा सत्कार केल्याशिवाय मी जाणार नाही."

"काकांची तब्येत बरी नाही," राघवेंद्र म्हणाला. "विश्रांती घेत आहेत."

"मग काकूंना बोलवा. आमच्या सौभाग्यवती त्यांची ओटी भरतील."

टाळ्या पडल्या. राघवेंद्र मागे आला. "काकू, पाच मिनिटं. नाही आलात तर लोक बघायला आत येतील."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मला कुंकू लावायला नेतोस? आज?"

"नका जाऊ अक्का," दानम्मांनी हात धरला.

काकूंनी तो हळूच सोडवला. "त्यांचा सत्कार आहे, दानम्मा. तसाच परत गेला तर त्यांना बरं वाटायचं नाही." असं म्हणून त्या उठल्या. असलं प्रेम करणाऱ्या बाईला काय म्हणावं, मला कळत नाही. राग मात्र येतो, आजही येतो.

स्टेजवर पाहुण्यांच्या पत्नीनं त्यांना हळद लावली, ठसठशीत कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि वाकून नमस्कार केला. "आम्हालाही तुमच्यासारखं सौभाग्य लाभो, आशीर्वाद द्या." काकूंचा हात वर गेला. पण तो काही त्या बाईच्या डोक्यावर टेकला नाही.

"काकू, जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

आभार झाले, राष्ट्रगीत झालं. मग राघवेंद्रनं माइक हातात घेतला आणि गहिवरून सांगितलं की रेणुकादासांचं नुकतंच निधन झालं. नुकतंच!

सगळा मंडप मागच्या दाराशी लोटला. काकू काकांच्या उशाशी बसल्या होत्या, ओटीतला नारळ मांडीवर तसाच. रीत म्हणून भावकीतली एक बाई ओला फडका घेऊन पुढे झाली. काकूंनी कपाळावर हात आडवा धरला.

"राघवेंद्रला बोलवा."

तो गर्दीतून वाट काढत आला.

"लावून घ्यायला तू नेलंस," काकू म्हणाल्या. "ते गेलेत हे ठाऊक असताना नेलंस. आता पूस."

दारात उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या पत्नीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं आणि त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"काकू, चूक झाली माझी. पण हे मला नका सांगू."

"पूस म्हणते ना."

कुणीतरी त्याच्या हातात फडका दिला. हात पुढे काही जाईना. तेव्हा काकूंनीच त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या हातानं आपलं कपाळ पुसून घेतलं, एकदा, मग पुन्हा, कातडी लाल होईस्तोवर. आणि मग संध्याकाळपासून दाबून धरलेला टाहो त्यांनी फोडला. राघवेंद्र हात सोडवायला बघत होता. त्यांनी तो सोडला नाही.