अर्धा शिक्का

दुपारचे बारा वाजलेले, डोक्यावर ऊन रणरणतंय, आणि अंजिराच्या वखारीच्या गच्चीवर साठ-सत्तर माणसं एकेक बाही वर सारून, हात उन्हात धरून उभी. हलायचं नाही, बोलायचं नाही, हात झाकायचा नाही. चांगला अर्धा तास. शाळेत मास्तरांनी पोरांना अशी शिक्षा दिली असती तर याच मंडळींनी शाळा डोक्यावर घेतली असती. इथे मात्र घाम निथळत होता आणि चेहऱ्यांवर समाधान मावत नव्हतं.

समोर ताडपत्रीच्या सावलीत, पंख्याखाली, शिक्केबाबा बसले होते. पायघोळ पांढरा झगा, मनगटापर्यंत बाह्या आणि हातात पांढरे रबरी मोजे. मोजे कशाला, तर म्हणे पावित्र्य राखायला. शेजारी काचेच्या वाटीत दुधासारखं काहीतरी आणि एक लांब दांड्याचा ब्रश. त्या ‘अमृतदुधाने’ बाबा प्रत्येकाच्या हातावर एक गोल आणि गोलात तीन रेघा काढायचे. वाळल्यावर काही म्हणता काही दिसायचं नाही. आणि तिसऱ्या दिवशी, कुणी हात न लावता, तोच गोल त्याच तीन रेघांसकट कातडीवर लाल होऊन उठायचा. फोड यायचे, त्यात पाणी भरायचं, मग काळा डाग पडायचा तो महिनोन्‌महिने हलायचा नाही. शिक्का उठला की रोग बाहेर पडला, असा हिशोब.

“अंजिराचं फूल कुणी पाहिलंय?” बाबा विचारत होते. “नाही ना? ते फळाच्या पोटात दडलेलं असतं. तसाच तुमचा रोग तुमच्या पोटात दडलाय. मी त्याला फक्त हाक मारतो. तो म्हणतो, आलो बाबा.”

लोक माना डोलवत होते. रोग ‘आलो बाबा’ म्हणतो यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी दवाखान्यातली सिस्टर उभी होती. जखमा धुणं, टाके काढणं, इंजेक्शनं देणं, यात तिची अठरा वर्षं गेली होती. पू, रक्त, कुजलेली बोटं, कशानेच तिला कधी मळमळलं नव्हतं. त्या दुपारी मात्र तिला मळमळत होतं. गच्चीच्या कोपऱ्यात प्रसादाचं पिंप होतं, पाकात बुडवलेल्या अंजिरांचं. त्यावर माशा बसत होत्या आणि लोक त्याच बोटांनी फोड खाजवून, त्याच बोटांनी अंजीर उचलून तोंडात टाकत होते.

आणि त्या रांगेत तिची सख्खी थोरली बहीण होती.

ताई याच वखारीत बावीस वर्षं सुकी अंजिरं निवडत होती. दहा वर्षांपासून मधुमेह, दोन वर्षांपासून दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि महिनाभरापासून उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक जखम, जी काही केल्या भरत नव्हती. बाबा दर रविवारी आणि गुरुवारी बसत. गेल्या रविवारी तिनेही शिक्का घेतला होता.

“ये बाई, पुढे ये,” बाबांनी ताईला बोलावलं आणि तिचा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मनगटाच्या बाजूचा अर्धा गोल लालभडक उठला होता. कोपराच्या बाजूचा अर्धा पत्ताच नव्हता. मधली रेघ पट्टीने आखून कापावी तशी तुटली होती. “बघा. अर्धाच उठलाय. का उठला अर्धाच? तुझ्या पिशवीत काय आहे, सांग सगळ्यांना.”

“सुई,” ताई खाली बघत म्हणाली.

“झालं तर मग. अर्धी तू माझी, अर्धी सुईची. मग शिक्का तरी पुरा कसा उठेल? सुई टाक. रोज सकाळी पाकातली अकरा अंजिरं खा. साखरेला साखरच हाकलून लावते. उरलेला अर्धा आपसूक उठेल.”

ताईने पिशवीतून इन्सुलिनची डबी काढली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चक्क टाळ्या.

सिस्टर पुढे झाली तसं भाऊजींनी तिचा रस्ता अडवला. ताईचा नवरा म्हणजे या वखारीचा सुपरवायझर. गच्ची त्यांनीच बाबांना उघडून दिली होती.

“इथे तमाशा नको,” ते हळूच म्हणाले.

“तमाशा चाललाच आहे की भाऊजी. ती मरेल अशाने.”

“माझ्या डोळ्यांदेखत शिक्का उठलाय. तुमच्या औषधाने महिनाभरात जखम भरली का? नाही ना? मग?”

सिस्टर संतापाने वळली. जिना उतरताना तिने ताईला गाठलं.

“ताई, सुक्या अंजिरात निम्मी साखर असते गं. बावीस वर्षं तुझ्या बोटांना चिकटतेय, तुला मी सांगायला हवं?”

“तूच तर सगळ्या म्हाताऱ्यांना अंजीर खा म्हणून सांगतेस.”

“दोन. भिजवून. पोट साफ व्हायला. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारून. तुला डॉक्टरने एक सांगितलंय, तेही जेवणात धरून. अकरा कुणी सांगितलंय?”

“तुझा विश्वास नाही म्हणून माझा शिक्का अर्धा राहिला,” ताई म्हणाली आणि तोंड फिरवून चालू लागली. पाय किंचित ओढत होती.

सोमवारी सकाळी दवाखान्यात अंजीर तोडणाऱ्या टोळीची मुकादमबाई आली. तोडणीची माणसं दरवर्षी हंगामाला दोन महिने बाहेरून येत, बागांच्या कडेला झोपड्या घालून राहत. वखारीतले लोक त्यांच्याशी बोलत नसत. वखारीत येतं ते वाळलेलं फळ. झाड कसं असतं हे निवडणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांनी पाहिलेलं नव्हतं. तोडणीच्या माणसांच्या हातावर डाग असतात, तर ते आंघोळ करत नाहीत म्हणून, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मुकादमबाईसोबत एक नवी आलेली मुलगी होती. तिच्या दंडावर लांबलचक लाल पट्टे आणि पाणी भरलेले फोड.

“बाही वर करून तोडत होती शहाणी,” मुकादमबाई म्हणाली. “हजारदा सांगितलं, मोजे घाल, पूर्ण बाही घाल, ऊन चढायच्या आत तोड, चीक लागला तर साबणाने धू. चीक आणि ऊन, दोन्ही एका जागी आले की कातडी भाजते. लगेच कळत नाही, दोन दिवसांनी फुलते.”

सिस्टरने असे फोड दर हंगामात धुतले होते. धुवायचे, मलम लावायचं, पुढचा पेशंट. फोड कुठून येतात हे तिने अठरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

“झाकलेल्या जागी काय होतं?” तिने विचारलं.

“काय होणार? जिथे ऊन नाही तिथे काही नाही.”

सिस्टरने हातातला कापूस खाली ठेवला. शिक्का घेतला त्या रविवारी ताई घरातून निघताना काय घालून गेली होती? तो ढगळ बाह्यांचा निळा झगा. ताई लाजाळू, चारचौघांत दंड उघडा ठेवायचा म्हटलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. बाही परत खाली ओढली असणार तिने. कोपरापासून मनगटाच्या दिशेने, बरोबर अर्ध्या गोलापर्यंत.

त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मुकादमबाईने आणलेली कोवळी फांदी मोडून सिस्टरने काडीने आपल्या डाव्या हातावर अक्षरं काढली. मनगटाशी एकदा, कोपराशी एकदा. कोपराकडचं घट्ट बँडेजने झाकलं. मग दवाखान्याच्या मागच्या अंगणात अर्धा तास उन्हात उभी राहिली. मंत्र नाही, बाबा नाही, काही नाही.

गुरुवारी सकाळी ती ताईकडे गेली. ताई खाटेवर पडून होती, ओठ सुकलेले, उशाला पाण्याचे दोन तांबे रिकामे. खोलीत एक वास होता. सिस्टरला तो ओळखीचा होता, सडत चाललेल्या जखमेचा, आणि तो ताईच्या पायाला येत होता. बोट टोचून साखर बघितली, तर चारशे ऐंशी.

“आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल.”

“आज गुरुवार. बाबा बसणार आहेत. आज शिक्का पुरा होणार माझा.”

“बरं. आधी इंजेक्शन घे, मग मी स्वतः तुला गच्चीवर नेते. तुझ्यासमोर शिक्का पुरा नाही झाला तर तिथून थेट दवाखाना. कबूल?”

ताईने बाही वर केली.

गच्चीवर नेहमीचीच गर्दी होती. सिस्टर ताईला खुर्चीवर बसवून सरळ ताडपत्रीखाली गेली. मुकादमबाई मागे होती, हातात पानांची फांदी. लोक नाक मुरडून बाजूला सरले.

सिस्टरने आपली बाही वर केली. मनगटाशी, फुगलेल्या लाल फोडांत, स्वच्छ वाचता येईल असं लिहिलेलं होतं: चीक.

“मला कुठलाच रोग नाही,” ती म्हणाली. “मग हे काय बाहेर आलं, बाबा? हे मी सोमवारी लिहिलं. अंजिराच्या फांदीच्या चिकाने. आणि हेच इथेही लिहिलं होतं.” तिने कोपराजवळचं बँडेज सोडलं. खाली कातडी जशीच्या तशी. “इथे ऊन लागलं नाही. म्हणून काही उठलं नाही. ताईच्या अर्ध्या हातावर बाही होती. तेवढंच.”

“हे तुझ्या अंगातलं पाप आहे,” बाबा म्हणाले. “पापी हातावर अक्षरंच उठतात.”

“असेल. मग तुमच्या पुण्यवान हाताला काहीच होणार नाही.” सिस्टरने मुकादमबाईला खूण केली. तिने फांदी कडकन मोडली. मोडल्या जागी पांढरा चीक टपटपू लागला, वाटीतल्या अमृतदुधासारखाच. “मोजे काढा. बाही वर करा. चार थेंब, आणि आमच्यासोबत अर्धा तास उन्हात.”

बाबांनी हात मागे घेतले. नुसते घेतले नाहीत, झग्याच्या बाह्या मोज्यांवर ओढून घेतल्या.

गच्चीवर सगळ्यांनी ते पाहिलं.

“त्यालाही माहीत आहे,” मुकादमबाई शांतपणे म्हणाली. “आमच्या पोरी घालतात तसेच मोजे घातलेत.”

“माझी ध्यानाची वेळ झाली,” म्हणत बाबा उठले, आणि वाटी तिथेच टाकून जिना उतरले. भाऊजी त्यांच्यामागे चार पायऱ्या गेले आणि थांबले.

सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एक जण म्हणाला, “पण मला तर बरं वाटत होतं.” एका म्हातारीने सिस्टरला बोल लावला की आमचा चाललेला उपचार तू मोडलास. दोघातिघांनी जाता जाता पिंपातली अंजिरं पिशवीत भरून घेतली. बाबा पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्यातरी गच्चीवर बसले असतील, त्यांना गच्च्यांचा तोटा नाही.

ताईचा अंगठा गेला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं. भाऊजी तिच्या उशाशी मान खाली घालून बसत आणि सुईची वेळ झाली की न सांगता डबी पुढे करत.

दोन महिन्यांनी ताई काठी टेकत वखारीत परतली. पहिल्याच दिवशी निवडणाऱ्या बायकांनी तिला घेरलं. एकीने दबक्या आवाजात विचारलं, “पण ताई, काहीतरी शक्ती असेलच ना त्याच्यात?”

ताईने हात पुढे केला. अर्धा शिक्का आता काळपट पडला होता.

“मी याच्याकडे बघून सुई टाकली,” ती म्हणाली. “बाही कुठवर होती हे मला माहीत होतं, माझीच बाही. तरी मी विचार केला नाही. तुम्ही करा. अंजीर खा, सोसेल तेवढं खा, ते फळ आहे. पण कुणी तुमच्या अंगाला काही लावायला आला, तर आधी विचारा, हे काय आहे. आणि मग विचारा, तू स्वतःला का लावत नाहीस. एवढं विचारलं असतं तर मी आज दोन पायांवर नीट उभी असते.”

मग तिने स्टूल ओढलं, दुखरा पाय त्यावर ठेवला आणि समोरचं सूप पुढे घेतलं.