अर्ध्या पुलापाशी उभी क्रेन

मी क्रेन बोलतेय. पातूरच्या बाहेर नाल्यावर अर्धा पूल उभा आहे ना, त्याच्या शेजारची. माझ्या हुकाला सध्या मजुरांचे जेवणाचे डबे लटकतात. हसा, खुशाल हसा.

माझा जन्म जपानचा. ओसाकात एका पुलावर कामाला होते. एकदा वादळाने काम मागे पडलं, तर साहेब दुसऱ्याच सकाळी गल्लीत दारोदार गेला, कमरेत वाकला, माफी मागून नवी तारीख सांगून आला. एका म्हातारीने त्याला दारातच झापलं. तो पुन्हा वाकला.

पुढे मला दुबईला विकलं. तिथे वाकणंबिकणं नाही. काम लांबलं की वकील येत, दंड ठोकत, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. माणसं कोरडी, पण उशीर झाला हे तोंडावर तरी म्हणत.

मग जुनी झाले आणि इथे आले. इथे उशीर होतच नाही! फलकावरची तारीख खोडून नवी रंगवतात, आणि कुणी बडा पाहुणा आला की पुन्हा एक नारळ फोडतात. झालं काम.

साइटचे साहेब खुशालराव. फार गोड माणूस. मला त्या गोडपणाचा वीट आलाय. पुलाच्या तुळया ओतायलाही सुरुवात झाली नव्हती, तेव्हा अलीकडच्या वस्तीतल्या सितारा आपा त्यांच्याकडे आल्या. मुलीचा, माहेनूरचा, निकाह ठरला होता आणि हॉल नाल्यापलीकडे बघितला होता. माहेनूरला लहानाचं मोठं केलं ते तिच्या आजोबांनी, गुलाम नबींनी. ते आता चाकांच्या खुर्चीवर असतात.

"साहेब, खरं सांगा. तवरोक पूल होते का? नाई त आमी हॉल इकडंच घेऊ."

"होऊन जाईन ना, आपा! अब्बाची खुर्ची पुलावरूनच नेऊ."

आपा खूश होऊन गेल्या. मला हॉर्न होता, पण दाबायला कुणी नव्हतं.

निकाहाच्या दिवशी घरची माणसं मजुरांच्या फळ्यांवरून तोल सावरत पलीकडे गेली. खुर्ची कशी जाणार? गुलाम नबी अत्तर लावून नाल्याकाठी बसून राहिले. शेवटी कुणाला तरी मी आठवले. पण माझ्यात डिझेल नाही, आणि माझा ऑपरेटर उसामा पलीकडे पाहुण्यांना सरबत वाटतोय! त्याला बोलावलं, डिझेल आणलं, लोखंडी पाळण्यात खुर्ची बांधली, आणि मी म्हातारबांना अलगद पलीकडे ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत खुशालराव सर्वांत पुढे. मूर्ख कुठले! काझींना दुसऱ्या गावी जायचं होतं. निकाह केव्हाच पढवून झाला होता.

आपा हॉलमधून धावत आल्या. "साहेब, तुमी तवाच 'नाई' काहून नाई म्हटलं?"

खुशालरावांना खरोखर नवल वाटलं. "तुमाले वाईट वाटलं असतं ना, आपा."

आणि म्हातारबा? त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तरी साहेबाचा हात धरून ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब. तुमी लय मेहनत केली."

त्या क्षणी मला सगळ्यांचाच संताप आला, म्हातारबांचासुद्धा.

मला आता भंगारात विका. वितळवा, माझी काही हरकत नाही. फक्त भट्टीकडे नेताना 'दुखणार नाही' असं सांगू नका.